भाजीचा सौदा बंद करा

"मेथीचे दोन घास संपव, मग मोबाइल देते." महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत रात्रीच्या जेवणाला हा सौदा रोज होतो. कुठे मोबाइलच्या जागी आइस्क्रीम असतं, कुठे बाबांचा चढलेला आवाज. घास कसेबसे पोटात जातात, मोठ्यांना हायसं वाटतं. मुलाच्या मनात मात्र एक हिशोब पक्का होतो. भाजी सोसायची, म्हणजे नंतर चांगलं काहीतरी मिळतं.

हा हिशोब किती खोल रुजतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांनी दाखवून दिलं. १९८४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांना केफिर हे ताकाच्या जातीचं आंबूस पेय दिलं होतं. काही मुलांना ते प्यायल्याबद्दल बक्षीस किंवा शाबासकी मिळाली, काहींना ते नुसतंच समोर ठेवलं. बक्षीस मिळालेल्या मुलांची त्या पेयाची आवड नंतर घटली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, त्यांची घटली नाही. दटावणीचंही तेच. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली मांडलेल्या अभ्यासात मुलांना भोपळ्याचं आणि मक्याचं सूप दिलं होतं. एका सूपच्या वेळी 'सूप संपव' असं सांगत राहायचं, दुसऱ्याच्या वेळी काहीच बोलायचं नाही. ज्या सूपबद्दल कुणी काही बोललं नाही, ते मुलं जास्त प्यायली आणि त्याला नावंही कमी ठेवली.

मग मुलं भाजी नाकारतात तरी का? दीड-दोन वर्षांचं मूल घरभर हिंडू लागतं, हाताला येईल ते तोंडात घालू शकतं, आणि साधारण त्याच काळात अनोळखी खाण्याबद्दल सावध होतं. कालपर्यंत मिटक्या मारत दुधीची खिमट खाणारं मूल अचानक हिरवा कण बोटाने वेचून ताटाबाहेर ठेवतं. अशी सावधगिरी माणसाच्या पूर्वजांच्या पोरांना विषारी पानाफळांपासून वाचवत असावी, असं संशोधक मानतात. त्यात लहानांची जीभ कडवटपणाला मोठ्यांपेक्षा हळवी असते, आणि मुळा, कोबी, मेथी, कारलं यांत कडवट द्रव्यं असतातच. सहा-सात वर्षांपर्यंत ही धास्ती बरीचशी ओसरते. तेव्हा तीन वर्षांच्या पोराने शेपू थुंकला, तर त्यात आईच्या हाताची चूक नसते आणि पोराचा उर्मटपणाही नसतो.

या धास्तीवर एकच उपाय पुन्हा पुन्हा खरा ठरला आहे: ओळख. लंडनमध्ये जेन वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांना एक साधं काम दिलं. मुलाला नावडती असलेली एक भाजी निवडायची आणि सलग १४ दिवस रोज तिची थोडीशी चव द्यायची. २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांनी त्या मुलांची त्या भाजीची आवड वाढली होती आणि ती खातही जास्त होती. अडचण अशी, की बहुतेक घरं तीन-चार नकारांतच निर्णय देऊन टाकतात. "आमच्याकडे त्याला पालक अजिबात चालत नाही" हे वाक्य एकदा नातेवाइकांत फिरलं, की ते मुलाच्याही कानावर पडतं आणि मूल ते आपलं लक्षण म्हणून जपतं.

पण दहा-बारा वेळा नाकारली जाणारी भाजी शिजवायची कुणी आणि कोणत्या पैशांत? हा प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा जपून वापरावी लागते, तिथे मुलाने टाकून दिलेली वाटीभर भाजी आईच्या जिवाला लागते. म्हणून ती वाटीभर वाढूच नये. मराठी ताटाची रचना इथे कामाला येते. डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं हे सगळं चमचाभरच असतं. नावडत्या भाजीची जागा काही आठवडे तिथे असावी: एक चमचा, तोही सगळ्यांच्या ताटात. मुलाने खाल्ला तर वा-वा नको, ठेवला तर टोमणा नको. तो चमचा उचलायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा वाढायचा.

"तोही सगळ्यांच्या ताटात" हे शब्द यात सर्वांत महत्त्वाचे आहेत. मुलांसाठी वेगळा बटाटा, वेगळे नूडल्स, पोळीला केचप असा उपस्वयंपाक आता शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही रुळला आहे. तो प्रेमापोटी सुरू होतो, पण त्यातून मुलाला कळतं ते हे, की भाजी मोठ्यांची आणि आपलं जेवण निराळं. शिवाय घरात काय शिजणार, ते बऱ्याचदा घरातल्या पुरुषांच्या जिभेवर ठरतं. बाबांना शेपूचा वास सहन होत नाही म्हणून शेपू येत नाही. आजोबांना लाल भोपळा आवडत नाही म्हणून तो फक्त घारग्यांपुरता. बाबांची नावड सगळं घर सांभाळून घेतं आणि मुलाच्या नावडीला हट्ट म्हणतं. मुलांना हा दुजाभाव दिसतो. जो बाप स्वतः कारलं बाजूला सारतो, त्याने मुलाला कारल्याचे गुण सांगू नयेत. त्याने ते मुलाच्या देखत खावं, आठवड्यातून दोनदा भाजी स्वतः आणावी, निवडावी, फोडणीला टाकावी. मुलांच्या खाण्याची सगळी जबाबदारी आणि सगळा दोष आईच्या पदरात टाकून हा प्रश्न सुटणार नाही.

भाजीची ओळख खरं तर ताटाच्या फार आधी सुरू होते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या जुली मेनेला यांनी २००१ साली दाखवलं, की गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस पिणाऱ्या आयांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज खाताना तोंडं कमी वेडीवाकडी केली. आईच्या जेवणातली चव गर्भजलातून आणि दुधातून बाळापर्यंत जाते. आपल्याकडे बाळंतिणीला शेपू, मेथी, अळीव आग्रहाने देतात. त्याच वेळी 'वातूळ', 'बाधेल' म्हणून कितीतरी भाज्या महिनोन् महिने बंद ठेवतात. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर ही यादी छोटी करायला हरकत नाही. बाळाची चव तेवढीच रुंदावेल.

दुसरी ओळख हातांची. थंडीत ओले मटार सोलायला मुलांना परातीभोवती बसवलं, की निम्मे दाणे परातीत पडायच्या आधीच संपतात. त्यांना कुणी 'खा' म्हटलेलं नसतं. ओल्या हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, मेथी निवडताना देठ मोडण्याचा तो बारीक आवाज, यातून भाजी मुलाच्या परिचयाची होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी याचं उत्तम उदाहरण आहे. गाजर, वांगी, घेवडा, ओला हरभरा, बोरं, शेंगदाणे, वर तीळ, आणि जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्या दिवशी ती घरोघरी होते, सगळे खातात, आणि एरवी वांग्याकडे न पाहणारी मुलंही त्यातली बोरं शोधता शोधता दोन फोडी खातात.

उलट, पालक वाटून पास्त्यात किंवा बीट किसून कटलेटमध्ये दडवण्याच्या ज्या युक्त्या सांगितल्या जातात, त्या अपुऱ्या आहेत. पोषण पोटात जातं, हे खरं. पण मूल पालकाला ओळखत नाही, आणि फसवणूक उघड झाली की कटलेटवरचाही त्याचा विश्वास उडतो. मेथीचं थालीपीठ, कोथिंबीर वडी, अळूवडी, पीठ पेरलेली सिमला मिरची हे निराळं. तिथे भाजी दिसते, तिचं नाव पदार्थाच्या नावात असतं आणि चव समोरासमोर येते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आकड्यांकडे पाहावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार मार्गदर्शनात प्रौढाच्या रोजच्या २००० कॅलरींच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. आपल्या मोठ्यांच्या ताटांतही त्या क्वचितच भरतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. एकट्या पालेभाजीने तो जाणार नाही, कारण तिच्यातलं लोह शरीर कमीच शोषून घेतं. पण त्याच भाजीवर लिंबू पिळलं, की 'क' जीवनसत्त्वामुळे ते शोषण वाढतं. ताटातली लिंबाची फोड म्हणूनच शोभेची नाही.

ज्या घरांत संध्याकाळी तिखट-भाकरीवरच भागवावं लागतं, तिथल्या मुलांना 'एक चमचा वाढा' हा सल्ला पुरणार नाही. त्यांच्यासाठी शाळेतली पंगत हेच दुसरं घर. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळावी, असं प्रमाण ठरलेलं आहे. धान्य वेगळं मिळतं. पण डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी मे २०२५पासूनचा दर प्राथमिकच्या मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आहे. एवढ्यात ५० ग्रॅम ताजी भाजी रोज बसवणं स्वयंपाकी ताईंना किती अवघड जात असेल, हे मंडईत पिशवी घेऊन जाणाऱ्या कुणालाही कळेल.

आणि पंगतीची ताकद तर मोठी आहे. बर्च यांच्याच १९८० सालच्या अभ्यासात एका भाजीपेक्षा दुसरी पसंत करणाऱ्या मुलाला उलट आवडीच्या सोबत्यांबरोबर चार दिवस जेवायला बसवलं, आणि ते मूल सोबत्यांची भाजी निवडू लागलं. जिथे शाळेच्या आवारात परसबाग आहे, तिथे मुलांनी स्वतः पाणी घातलेली पालक-मेथी खिचडीत पडू शकते. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत परीक्षेच्या गुणांइतक्याच आग्रहाने विचारायला हवं, की या आठवड्यात खिचडीत कोणकोणत्या भाज्या पडल्या आणि किती. सरकारनेही हा दर ठरवताना कागदावरचे ५० ग्रॅम बाजारभावाने मोजून पाहावेत.