मेटल डिटेक्टर : खजिन्याचे स्वप्न की मेहनतीची उजरत?

समुद्रकिनाऱ्यावर व पाण्याखाली हरवलेले सोने शोधण्यासाठी कोणते मेटल डिटेक्टर घ्यावे, अशी विचारणा हल्ली कोकणातील आमचे तरुण करतात. काहींची तर उसनवारी करण्याचीही तयारी आहे. धंदा करणाऱ्याने माल घेण्यापूर्वी गिऱ्हाईक कोण हे पाहावे लागते. येथेही तेच आहे.

प्रथम यंत्राविषयी. साधे डिटेक्टर एकाच फ्रिक्वेन्सीवर चालते. कोरड्या वाळूत ते ठीक. परंतु खाऱ्या पाण्याने भिजलेल्या वाळूतून वीज वाहत असल्याने धातू नसतानाही ते वाजत राहते. रत्नागिरीकडील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोहयुक्त खनिज आहे, त्यामुळे हा घोटाळा आणखी वाढतो. ओल्या किनाऱ्यासाठी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारे किंवा पल्स इंडक्शन पद्धतीचे यंत्र हवे. पल्स यंत्राला खाऱ्या पाण्याचा त्रास कमी होतो, मात्र खिळा कोणता व अंगठी कोणती हे ते नीट सांगत नाही. खणण्याची मेहनत वाढते.

'वॉटरप्रूफ' या शब्दावर भाळू नये. किती खोलीपर्यंत, ते विचारावे. काही यंत्रांची फक्त खालची चकती पाण्यात चालते, वरची पेटी नाही. गॅरेट कंपनीचे एटी प्रो 10 फुटांपर्यंत, तर त्याच कंपनीचे सी हंटर मार्क 2 हे 200 फुटांपर्यंत चालते. अंगठीएवढी वस्तू साधारण वीत-दीड वीत खोलीवरच सापडते. कित्येक फूट खोलीवरची अंगठी दाखवतो म्हणणारा विक्रेता फसवतो आहे असे समजावे. तयार कपड्यांच्या कारखान्यात तुटलेली सुई शोधणारे यंत्र नमुन्याचा लोखंडी कण घालून तपासतात. तसेच ओल्या वाळूत स्वतःची अंगठी पुरून तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आता मुख्य मुद्दा. सापडलेली वस्तू कोणाची? 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला 10 रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जंजिरा, विजयदुर्ग यांसारख्या संरक्षित किल्ल्यांत तर परवानगीशिवाय खोदकाम करताच येत नाही. पर्यटकाची कालपरवा पडलेली अंगठी ही खजिना नव्हेच, ती दुसऱ्याची मालमत्ता आहे. शरीअतमध्ये तिला लुकता म्हणतात. अशी वस्तू अमानत असते. तिची खूण नीट लक्षात ठेवून वर्षभर जाहीर करण्याचा हुकूम हदीसमध्ये आहे. त्यानंतरचे मसाइल आपापल्या मसलकच्या उलेमांना विचारावेत. 'सापडले ते माझे' हा हिशेब ना कायद्यात बसतो, ना दीनमध्ये.

मग यंत्राचा उपयोग नाही काय? जरूर आहे. किनाऱ्यावर अंगठी, साखळी हरवलेला मालक स्वतः शोध घेत असतो. त्याच्याशी आधीच मेहनताना ठरवून वस्तू शोधून द्यावी. सूरह यूसुफमध्ये शाही प्याला आणून देणाऱ्यास उंटभर धान्य देण्याचा उल्लेख आहे. हरवलेली वस्तू आणून देण्याबद्दल मोबदला ठरवण्याला अनेक फुकहांनी यावरूनच आधार घेतला आहे. किनाऱ्यालगतच्या लॉज व हॉटेलवाल्यांकडे आपले नाव देऊन ठेवले तर काम आपणहून चालत येईल.

या धंद्यात लाखोंची स्वप्ने नाहीत. तेव्हा कर्ज, विशेषतः व्याजाचे, मुळीच काढू नये. दोघा-तिघांनी भागीदारीत स्वतःच्या पैशातून उथळ पाण्यापुरते एक यंत्र घ्यावे आणि आपला मूळ व्यवसाय चालू ठेवावा. खोल पाण्याचे महाग यंत्र पाणबुडीचे रीतसर शिक्षण घेतलेल्यानेच घ्यावे. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या हाती पोचवून मिळालेले पाचशे रुपये कमी असतील, पण ते हलाल आहेत. आणि किनाऱ्यावर आपल्या माणसाचे नाव विश्वासाने घेतले जाईल, ही कमाई वेगळीच.