हक्क एकवीस वर्षांचा, कागद तीन वर्षांचे



विषय जरा रुक्ष आहे, पण ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी तरी वाचाच.

बाळंतपणात इस्पितळाच्या हलगर्जीपणाने बाळाला कायमची इजा झाली, तर भरपाई मागायची मुदत किती? ग्राहक आयोगात दोन वर्षं. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला, पण ही दोन वर्षं तशीच राहिली. सबळ कारण दिलं तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण करीलच असं नाही.

आता बाळाकडे बघा. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर त्याचे परिणाम लगेच दिसतातच असं नाही. मान उशिरा धरतं, बसत नाही, पाय ताठ राहतात... घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, "होईल गं, याचा बापही उशिराच चालला होता." सेरेब्रल पाल्सीचं निदान पुष्कळदा वर्ष-दीड वर्षानंतरच होतं. मग व्यायाम, औषधं, नवस. या धावपळीत वकील कुणाला आठवणार?

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं की, इजा उघड दिसत नसेल तर ती रुग्णाला कळली, किंवा चौकशी केल्यावर कळू शकली असती, तेव्हापासून मुदत मोजावी. तत्त्व चांगलंच. पण त्याच खटल्यात १९९३ च्या शस्त्रक्रियेबद्दल २००४ साली तक्रार करणाऱ्या बाई हरल्या. इतकी वर्षं पोटात दुखत होतं, तर आधी चौकशी का नाही केली, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. दुखणं सांगता न येणाऱ्या तान्ह्याच्या बाबतीत हे "कळू शकलं असतं" कधीपासून धरायचं?

दुसरी वाट दिवाणी कोर्टाची. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात अशा सरकारी दवाखान्यात बाळंत होणारीला तर हीच एक वाट, कारण तिथली तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने अज्ञान मुलाला सवलत आहे. अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षं, म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत दावा लावता येतो. वाचून मला बरं वाटलं, पण फार वेळ नाही. कारण वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी केसपेपर सांभाळायचे ते तीनच वर्षं! मुलगा दावा लावणार कशाच्या जोरावर?

इंग्लंडातही मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत दावा लावता येतो, पण तिथली सरकारी आरोग्यसेवा बाळंतपणाची कागदपत्रं पंचवीस वर्षं जपते. आपल्याकडे निदान जन्माचे कागद तरी एकवीस वर्षं ठेवायची सक्ती हवी, आणि आयोगाची दोन वर्षं निदानाच्या दिवसापासून मोजायला हवीत. डॉक्टर मंडळींनी रागावू नये. सेरेब्रल पाल्सीची बहुतेक मुलं काही कुणाच्या चुकीमुळे तशी होत नाहीत, आणि चांगल्या डॉक्टरची बाजूही त्याच कागदांवर उभी राहते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. घरातल्या सुना-भाच्यांनो, नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी येऊ नका. कळांच्या वेळच्या नोंदी, बाळाच्या ठोक्यांचा आलेख, नर्सबाईंनी लिहिलेलं सगळं लेखी अर्ज करून मागा. त्याच २००२ च्या नियमांत ७२ तासांत प्रती द्यायच्या असं आहे. त्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक माहेरी ठेवा.