मदतीचा ट्रक भरण्याआधी एक फोन करा

ऑगस्ट २०१९च्या महापुरात पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरकडे जाणारे ट्रक कित्येक दिवस अडकले. अशा वेळी ट्रकमधली इंच इंच जागा मोलाची असते. त्यात आपण जुने कपडे कोंबतो! दुकानात मागणी न बघता माल भरला की डेड स्टॉक होतो, मदतीचंही तसंच. तिकडे माणसं कपडे निवडत बसतात आणि औषधं, फिनेल, सॅनिटरी पॅड मागे राहतात.

माझं स्पष्ट मत: आधी तहसील कार्यालयाला किंवा गावातल्या ओळखीच्या माणसाला विचारा. एका बॉक्सात एकच वस्तू, वर मोठ्या अक्षरात नाव आणि नग. जवळपासची दुकानं उघडली असतील तर सरळ पैसेच पाठवा. खरेदी तिथेच झाली, तर पुरात बुडालेला दुकानदारही लवकर उभा राहील.