राजाला शह, कागदाचा चेक

इंग्रजीतले काही शब्द आपल्या घरात इतके रुळले आहेत की त्यांना परके म्हणण्याचे धाडस होत नाही. ‘चेक’ हा त्यांतलाच एक. गॅस बंद केला का ते चेक करायचे, बँकेत चेक भरायचा, चेक्सचा शर्ट घालून लग्नाला जायचे, महिन्यातून एकदा ब्लडप्रेशर चेक करून घ्यायचे. शिवाय रस्त्यावर चेकनाका आणि लोकलमध्ये तिकीट चेकर आहेतच. उमेदीची सगळी वर्षे बँकेत या शब्दाच्या सहवासात गेली. त्यामुळे त्याचे कुळ शोधावेसे वाटले, आणि हाती आले ते मोठे गमतीचे निघाले.

हा शब्द आला बुद्धिबळाच्या पटावरून. आपल्याकडचे चतुरंग इराणात गेले. तिथे राजावर हल्ला झाला की ‘शाह!’ असे म्हणून समोरच्याला सावध करण्याचा रिवाज पडला. अरबांबरोबर हा शब्द युरोपात पोचला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला आणि इंग्रजीत ‘चेक’. ‘चेस’ हे खेळाचे नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आले. ‘शाह मात’, म्हणजे राजा निरुपाय झाला, याचे ‘चेकमेट’ झाले. मराठीने मात्र फारसीतून थेट ‘शह’ आणि ‘मात’ उचलले. म्हणजे आपला ‘शह’ आणि इंग्रजांचा ‘चेक’ हे सख्खे भाऊच म्हणायचे. एक इथेच राहिला, दुसरा विलायतेला जाऊन साहेब होऊन परतला.

शह बसला की राजाला बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवून थांबावे लागते. म्हणून ‘चेक’चा अर्थ झाला अडवणे, लगाम घालणे. अडवल्यावर नीट पाहायचे, म्हणून तपासणे. तपासून झाल्यावर कागदावर जी बरोबरची खूण करतात, तिलाही अमेरिकेत चेकच म्हणतात. पटावरच्या घरांमुळे चौकटीच्या कापडाला तेच नाव मिळाले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजताना टेबलावर असे चौकटींचे कापड अंथरत आणि त्यावर सोंगट्या सरकवून हिशेब करत. त्यावरून सरकारी खजिन्याला ‘एक्स्चेकर’ म्हणू लागले. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतात, ते या कापडाच्या पुण्याईवर.

बँकेतला चेक यानंतरचा. अठराव्या शतकात पैशाच्या कागदाची जी स्थळप्रत मागे ठेवत, तिला चेक म्हणत, कारण तिच्यामुळे खोटेपणाला आळा बसे. पुढे हे नाव मूळ कागदालाच चिकटले. ब्रिटिशांनी ‘एक्स्चेकर’च्या वळणाने त्याचे स्पेलिंग भारदस्त केले, अमेरिकनांनी साधेच ठेवले. तात्पर्य, ज्याला आपण विश्वासाचा कागद समजतो, त्याचे नाव मुळात फसवणुकीला शह देण्यासाठी पडलेले आहे.

बोलीभाषेने या शब्दाला आणखी पैलू पाडले. न वटणारा चेक म्हणजे अमेरिकेतला ‘रबर चेक’, कारण तो चेंडूसारखा उसळून परत येतो. खात्यात नसलेले पैसे या बँकेतून त्या बँकेत चेक फिरवून दाखवणे, याला तिकडे पतंग उडवणे म्हणतात. जुगाराच्या अड्ड्यावरच्या सोंगट्यांनाही चेक म्हणत. त्या परत केल्या म्हणजे डाव संपला, त्यावरून माणूस गेला असा अर्थ झाला. बेसबॉलचा सामना पावसाने वाया गेला की पुढच्या सामन्यासाठी ‘रेन चेक’ मिळे. आता जेवणाचे आमंत्रण गोडीने पुढे ढकलायलाही तोच शब्द चालतो. आपल्या मराठीने इथे हुंडीच्या काळातले ‘वटणे’ वापरले, आणि ते या सर्वांहून नेमके आहे. बँकेची भाषा त्यामानाने फारच सोज्वळ. खात्यात दमडी नसली तरी परत जाणाऱ्या चेकला ‘रेफर टू ड्रॉवर’ अशी चिठ्ठी लावली जाई. म्हणजे ज्याने चेक दिला त्यालाच काय ते विचारा! १ एप्रिल १९८९ पासून असा चेक देणे हा फौजदारी गुन्हा ठरला. तरीही खटले इतके साचले की २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

हे सगळे आज सांगण्याचे कारण वेगळे आहे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि चेकबुक कपाटाच्या तळाशी गेले. सोय झाली, यात वाद नाही. पण चेकच्या वाटेत थांबे होते. सही जुळवली जाई, तारीख पाहिली जाई, मन बदलले तर ‘स्टॉप पेमेंट’ करता येई. बोटाच्या एका स्पर्शाने जाणाऱ्या पैशाला असा थांबा नाही. ‘चेक’ या शब्दातला पहिला अर्थ, थांबणे, गळून पडला. नुसते पाहणे उरले.

‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने फसवणारे भामटे नेमका याचाच फायदा घेतात. पोलिसांच्या, सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल येतो, आणि माणसाला फोन ठेवू देत नाहीत, घरच्यांशी बोलू देत नाहीत, विचार करायला क्षणभर उसंत देत नाहीत. कायद्यात फोनवरून अटक नावाचा प्रकारच नाही. तेव्हा घराघरांत एक नियम हवा: पैशाची घाई करणारा फोन आला की तो ठेवायचा, घरातल्या कुणाला तरी सांगायचे, मगच पुढचे पाऊल. पैसे गेलेच, तर लाजत न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवायचे.

मात्र म्हाताऱ्या माणसांनी सांगावे, असे वातावरण घरात लागते. हल्ली मुले म्हणतात, ‘बाबांना जरा चेक करून ये.’ गॅसची शेगडी चेक करावी, मीटर चेक करावा. आईवडिलांची विचारपूस करायची असते. मराठीत पडताळणे, चाचपणे, खातरजमा करणे, शहानिशा करणे, विचारपूस करणे हे वेगवेगळे शब्द आहेत, कारण प्रत्येकामागची वृत्ती वेगळी आहे. या सगळ्यांच्या जागी एकच ‘चेक’ बसवला, तर शब्दांबरोबर त्या वृत्तीही जातात. तपासणीला आलेल्या माणसापासून आपण चूक लपवतो. विचारपूस करणाऱ्याला मात्र चहाचा कप पुढे सरकवता सरकवता ‘अरे, काल एक विचित्र फोन आला होता,’ असे सहज सांगून जातो. आणि ते वेळेवर सांगितले गेले, तर मात व्हायची टळते.