उरलेलं आणि शिळं

लक्ष्मीपूजन आटोपलं की सालवडमधली आमची चाळ रिकामी व्हायला लागते. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना सुट्टी लागलेली असते. जो तो गावची गाडी धरतो. शेजारच्या वहिनी भाऊबीजेसाठी खानदेशात जातात. निघायच्या आधी एक पिशवी माझ्या बायकोच्या हाती देतात. "भाभी, एवढं वापरून टाका. आठ दिवसांत नासून जाईल." पिशवीत लाल भोपळ्याची फाक, दोन शिराळी, मूठभर गवार, तीन बटाटे आणि अर्धी जुडी कोथिंबीर. ईदला आम्ही गावी जातो तेव्हा आमच्या घरातली अशीच पिशवी त्यांच्याकडे जाते. यात कुणी कुणावर उपकार करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भाज्यांचा नाश्ता होतो. ऑक्टोबरचं ऊन दुपारी भाजून काढतं, पण पहाटे आता चादर ओढावीशी वाटते आणि गरम तव्याजवळ बसायला बरं वाटतं. भोपळा किसायचा. गवार बारीक चिरून वाफवायची. बटाटे उकडून कुस्करायचे. त्यात तांदळाचं आणि ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण-मिरचीचा ठेचा, जिरं, हळद, मीठ आणि कोथिंबीर देठांसकट. भोपळ्याला स्वतःचं पाणी सुटतं, म्हणून आधी मळून बघायचं आणि लागलं तरच पाणी घालायचं. ओल्या फडक्यावर थापून, मधे भोक पाडून तव्यावर टाकायचं आणि झाकण ठेवायचं. शिराळ्याच्या शिराही फेकायच्या नाहीत. तीळ, सुकं खोबरं आणि मिरचीबरोबर खमंग परतून त्यांची चटणी होते. शिराळ्याचा गर दुपारच्या डाळीत जातो.

हे सगळं सांगितल्यावर एक मित्र म्हणाला, "म्हणजे शिळ्यापाक्याचाच नाश्ता!" माझा वाद इथेच आहे. उरलेलं वेगळं आणि शिळं वेगळं. न शिजवलेला भोपळा दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी शिळा होत नाही. शिजवलेली भाजी मात्र आपल्या दमट हवेत रात्रभर उघड्यावर राहिली तर ती टाकूनच द्यावी. फ्रिजमध्ये वेळेवर ठेवली असेल तर सकाळी वाफ येईपर्यंत गरम करून पिठात मळता येते. भाताबाबत तर जास्तच जपावं, कारण बाहेर राहिलेल्या भातात तयार होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. काटकसर म्हणजे पोटाशी जुगार नव्हे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतून. म्हणजे हॉटेलं आणि लग्नाचे हॉल यांच्याकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. कुरआनमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक आणि उधळपट्टीची मनाई एकाच आयतमध्ये आली आहे. आपण ती मनाई दस्तरखानावर ऐकवतो, पण ती पाळायचं काम घरातल्या एकाच माणसावर सोपवतो.

त्या माणसाबद्दलच मला बोलायचं आहे. लहानपणी अम्मी आम्हाला ताजी भाकरी वाढायची आणि स्वतः कालची घ्यायची. "मला चालतं," म्हणायची. आम्ही ते खरं मानलं. तिला ती भाकरी आवडत असावी, असंच मला बरीच वर्षं वाटत होतं. लग्नानंतर माझ्या बायकोच्या ताटात तीच कालची भाजी दिसली, तिच्याही तोंडी तेच "मला चालतं" आलं, तेव्हा कुठे डोळे उघडले. आपल्या घरांत, हिंदूंच्या असोत वा मुसलमानांच्या, अन्न वाया न घालवण्याचं पुण्य सगळ्यांच्या नावावर जमा होतं आणि उरलेलं मात्र बाईच्या पोटात जातं. ते तिच्याही गळ्याखाली उतरलं नाही तर धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या डब्यात जातं. जे आपण खाणार नाही ते दुसऱ्याला देणं याला दान म्हणू नये.

म्हणून उरलेल्या भाज्यांचा नाश्ता मला महत्त्वाचा वाटतो. तो सगळ्यांच्या ताटात एकसारखा पडतो. कालची भाजी एकीच्या वाट्याला न येता पिठात मिसळून पाच जणांत वाटली जाते. सकाळी सातच्या पाळीला जाणारा मुलगाही तेच डब्यात नेतो.

एक अट मात्र आहे. भोपळा किसायचं काम पुरुषांनी करावं. सणानंतर घरातली बाईच सर्वांत जास्त थकलेली असते आणि "वाया घालवू नको" हा उपदेश तिला आणखी एक तास चुलीपाशी उभं करतो. यंदा मी किसणी हातात घेतली. एक बोट सोलून निघालं, धपाटे जाडजूड झाले. पोरांनी नावं ठेवली आणि सगळे संपवले. वहिनी गावाहून आल्या की त्यांची पिशवी परत करायची आहे. रिकामी परत करायची आमच्याकडे रीत नाही.