कडेकडेने जाऊ नका!

"कडेकडेने जा रे बाबा!"

सायकल बाहेर काढली की घरातून हे वाक्य येतंच. आई म्हणते, आजी म्हणते, आणि राहिलंच तर गेटवरचे वॉचमनकाका म्हणतात. मीही ते अगदी प्रामाणिकपणे पाळायचो. कोथरूडहून डेक्कनला कॉलेजला जाताना इतक्या कडेने जायचो, की गटारावरच्या चिलटांशी माझी तोंडओळख झाली होती.

मग एसवायला असताना, ऐन पावसाळ्यात, कर्वे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका गाडीचं दार उघडलं. बरोबर माझ्या पुढ्यात. मी दारावर आदळून उजवीकडे, म्हणजे भर रस्त्यात पडलो. गाडीतल्या काकांनी आधी दाराला ओरखडा गेलाय का ते बघितलं आणि मग विचारलं, "लागलं का?" लागलं होतं. उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये आणि जर्नल मित्राच्या भयाण अक्षरात! पण खरी गोष्ट वेगळीच आहे. माझ्या मागून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला, म्हणून मी आज तुम्हाला हे सगळं हसत हसत सांगू शकतोय.

घरी आईने एका वाक्यात निकाल दिला, "सायकल विकून टाक." मी सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. त्या सहा महिन्यांत जे शिकलो, ते तुमच्यापर्यंत पोहोचवणं माझं कर्तव्य आहे. (शिवाय जर्नल लिहिणाऱ्या मित्राला दिलेल्या मिसळींचा खर्च कुठेतरी सार्थकी लागायला हवा!)

माझं म्हणणं थोडक्यात असं : 'कडेकडेने जा' हा प्रेमाने दिलेला, पण चुकीचा सल्ला आहे. आपल्या शहरांत रस्त्याची कड म्हणजे काय? तिथे वाळू असते, काचा असतात, खचलेली चेंबरची झाकणं असतात आणि ओळीने उभ्या केलेल्या गाड्या असतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे त्याचं दार नेमकं आपल्या वाटेत उघडतं. त्यात कडेला अंग चोरून चालवलं, की मागच्या गाडीवाल्याला वाटतं, 'अरे, जागा आहे की!' आणि तो तुमच्या कोपराला घासून निघून जातो. खड्डा आला तर तुम्हाला डावीकडे सरकायला जागा नाही आणि उजवीकडे तर तो आहेच.

म्हणून पहिला नियम : उभ्या गाड्यांपासून किमान एक मीटर लांब. दार पूर्ण उघडलं तरी आपल्याला लागणार नाही, इतकं. आणि सरळ रेषेत. दोन गाड्यांमध्ये जागा दिसली की आत शिरायचं, पुन्हा बाहेर यायचं, असली शिवणकामाची हौस नको. आत गेलेला सायकलवाला मागच्याला दिसत नाही आणि अचानक बाहेर आलेला त्याला झेपत नाही. रस्ता अरुंद असेल तर बिनधास्त लेनच्या मधोमध चालवा, रुंद झाला की डावीकडे होऊन मागच्यांना वाट द्या. मोकळ्या हायवेवर मात्र डावीकडेच राहा. तिथे मधोमध चालवण्याला हिंमत नाही, वेगळंच काहीतरी म्हणतात.

"पण मागून हॉर्न वाजवतात ना!" वाजवू देत. हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. भीती न वाजवणाऱ्याची असते.

दुसरा नियम : बस आणि ट्रकच्या डावीकडून कधीही पुढे घुसू नका. बस स्टॉपला लागताना डावीकडे येते, ट्रक डावीकडे वळतो आणि ड्रायव्हरला त्या बाजूचं खालचं फारसं दिसत नाही. तुम्हाला त्याचा आरसा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, हे गणित पक्कं लक्षात ठेवा. दहा सेकंद मागे थांबा. तसंही पहिलं लेक्चर अटेंडन्सने सुरू होत नाही.

तिसरा नियम पावसाचा. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि पहिल्या सरीनंतरचा तेलकट रस्ता, हे तिन्ही म्हणजे साबण लावलेली फरशी. त्यांच्यावर वळायचं नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही. सरळ जायचं. रिमवर ब्रेक लागणारी सायकल असेल तर ओल्या रिमवर ब्रेक उशिरा पकडतो, म्हणून थांबायच्या बरंच आधीपासून हलका ब्रेक लावत राहा. पाणी पुसलं जातं आणि मग ब्रेक धरतो. डबकं दिसलं की त्यात किती खोल खड्डा आहे याचा शोध लावायचा मोह टाळा. तो शोध दुसऱ्या कुणीतरी लावू दे.

आता घरगुती गोष्टी. टायरमध्ये किती हवा भरायची हे टायरच्या कडेवरच छापलेलं असतं, मित्राला विचारायची गरज नाही. हवा कमी असली की सायकल जड लागते आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते. रोड बाइकच्या ट्यूबला बारीक व्हॉल्व्ह असेल तर छोटा ॲडॅप्टर खिशात ठेवा, नाहीतर कोपऱ्यावरचे पंक्चरवाले काका तुमच्याकडे आणि तुम्ही त्यांच्याकडे नुसते बघत बसाल. चेनला स्वयंपाकघरातलं तेल घालू नका, त्यावर धूळ बसून चिक्की तयार होते. सीटची उंची बघायची सोपी रीत : पायडल खाली असताना टाच त्यावर टेकवली की पाय सरळ व्हायला हवा. गुडघे हॅण्डलला आपटत असतील, तर दोष गुडघ्यांचा नाही. कुलूप फक्त चाकाला नको, फ्रेम आणि चाक दोन्ही खांबाला बांधा. आणि सीट एका झटक्यात निघणारी असेल तर ती वर्गात घेऊन जा. लोक हसतील. पण उभ्याने पायडल मारत कोथरूड गाठताना त्याहून जास्त हसतात, हे अनुभवाने सांगतो.

घामाचं काय? दप्तरात एक जादा टी-शर्ट आणि छोटा टॉवेल ठेवा. कॉलेजच्या दहा मिनिटं अलीकडून वेग कमी करा. डिओ हा टॉवेलला पर्याय नाही, ही सूचना तुमच्या बेंचवरच्या मित्राच्या वतीने. अंधार पडला की मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा, रोज. हेल्मेटने केस बसतात हे खरं. केस पुन्हा उभे राहतात.

एक गोष्ट मात्र आपल्यातल्याच लोकांना सांगायची आहे. आपण रस्त्यावर हक्काने जागा मागतो आणि सिग्नल लाल झाला की अचानक 'आम्ही काय, सायकलवाले' म्हणून निसटतो. राँग साइडने येतो, फुटपाथवर चढतो. लेन हवी असेल तर सिग्नलही आपला आहे. मधोमध चालवायचा अधिकार थांब्याच्या रेषेमागे उभं राहूनच कमावावा लागतो.

आणि तुमच्यातले जे सायकल चालवत नाहीत, त्यांच्याकडे एकच मागणं. गाडीतून उतरताना दार त्याच्या जवळच्या हाताने नाही, लांबच्या हाताने उघडा. ड्रायव्हरच्या सीटवर असाल तर डाव्या हाताने. करून बघा, अंग आपोआप वळतं, नजर आरशाकडे आणि मागे जाते. नेदरलँड्समधल्या या सवयीला जगभर 'डच रीच' म्हणतात. खर्च शून्य, वेळ एक सेकंद. त्या काकांनी तो एक सेकंद दिला असता, तर माझे सहा आठवडे वाचले असते.

सहा महिन्यांची मुदत कधीच संपली. सायकल विकली गेली नाही. आई अजूनही दारात येऊन ओरडते, फक्त वाक्य बदललंय. आता ती म्हणते, "दारांकडे लक्ष ठेव रे!"