जास्तीचे दोन पाटे

भडगावात या आठवड्यात एक कोरी करकरीत पिकअप कमान-मिस्तरीच्या दारात उभी होती. बॉनेटवर झेंडूचा हार, पुढं लिंबू-मिरची, सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. पहिलं भाडं मारायच्या आधीच मालकानं गाडी इथं आणली होती, मागच्या दोन्ही कमानींत दोन-दोन पाटे वाढवायला. "मागं बसायला नको, भाऊ," एवढंच त्याचं म्हणणं. मिस्तरीनं यू-बोल्ट सोडले, सेंटर बोल्ट काढला, नवे पाटे सरकवले आणि सगळं परत आवळलं. मागची बाजू चांगली चार बोटं उचलली गेली. "आता बघा कशी रोडला चिकटून चालते," असं प्रमाणपत्रही लगेच मिळालं.

रोडला चिकटून!

खरी गोष्ट अशी, की पाटा वाढवला की गाडी वजन जास्त पेलते. चालते चांगली असं नाही. ढोबळ हिशेबानं, सारख्या जाडीच्या पाच पाट्यांचे सात केले तर कमानीचा ताठपणा सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो. जाडी वाढवली तर हिशेब आणखी बिघडतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे चढतो. 8 मिलिमीटरच्या पाट्याजागी 10 मिलिमीटरचा आला की तो पाटा जवळपास दुप्पट ताठ. शॉकअप मात्र तेच, कंपनीनं जुन्या कमानीच्या मापानं दिलेले. दाबलेली कमान उसळते तेव्हा तिला आवरायचं काम शॉकअपचं. कमान दांडगी झाली आणि आवरणारा होता तेवढाच राहिला, की रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर ससा होते.

आता ऑस्ट्रेलियाकडे बघा. तिथले शेतकरी ज्याला ‘यूट’ म्हणतात ती पिकअपच. मागं तशीच पाट्यांची कमान. हायलक्स असो की इसुझूची डी-मॅक्स, जिची व्ही-क्रॉस ही बहीण आंध्रातल्या श्रीसिटीत बनते, पाट्यांपासून सुटका दोघींचीही नाही. तिथंही लोक कमानी बदलतात, भरपूर बदलतात, त्यावर मोठा धंदा उभा आहे. ‘ओल्ड मॅन इमू’सारख्या तिथल्या नावाच्या कमानी घ्यायला गेलं की पहिला प्रश्न असतो: गाडीवर कायम किती वजन असतं? रिकामी फिरते, की अवजारांची पेटी नेहमीच लादलेली असते? उत्तराप्रमाणे कमान वेगळी मिळते आणि तिच्या जोडीला त्याच मापाचे शॉकअप सुचवले जातात. गाडीची कागदावरची वजनमर्यादाच वाढवायची असेल तर मंजूर झालेला संच बसवायचा, त्याचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि नव्या आकड्याची पट्टी गाडीवर ठोकायची.

भडगावात पहिला प्रश्न असतो: जास्तीत जास्त किती भरायचं?

सगळा फरक या दोन प्रश्नांत आहे. गिरणाकाठची केळी भरून गेलेली पिकअप परत येताना बहुधा रिकामीच येते. म्हणजे निम्मा रस्ता ती अशा कमानीवर धावते, जी तिच्यासाठी नव्हेच. चाक खड्ड्यातून उसळून क्षणभर हवेत राहिलं, तर त्या क्षणी त्याला ना ब्रेक लागतो ना वळण धरता येतं. भरलेल्या फेरीतही सुख नाही. ताठ कमानीवरचा दणका थेट घडांना बसतो. केळीची पानं कितीही अंथरली तरी साल दबतेच, आणि डाग उठतो तो पिकल्यावर, व्यापाऱ्याच्या वखारीत. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या केळीचा पहिला प्रवास मात्र या कमानींवर होतो.

ब्रेकची गोष्ट तर कोणी बोलतच नाही. अनेक पिकअपना मागच्या ब्रेकचा दाब वजनाप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. चासी खाली बसली की व्हॉल्व्ह समजतो, माल भरला, मागं ब्रेक जास्त द्यायचा. जास्तीच्या पाट्यांनी चासी बसूच दिली नाही, तर दीड टन भरूनही व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच. औट्रम घाटात जड वाहनांना उच्च न्यायालयाच्या आदेशानं 2023 पासून बंदी आहे, पिकअप मात्र चाळीसगावहून कन्नडकडे चढतात आणि उतरतात. उतरताना त्या व्हॉल्व्हला काय वाटतं याला महत्त्व येतं.

फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि वर बसलेले मजूर गेले. त्याचं खापर पाट्यांवर फोडता येणार नाही, ती गाडीही मोठी होती. पण माल उंच रचायचा, त्यावर माणसं बसवायची आणि वर गाडी आणखी चार बोटं उचलायची, हे एकाच विचाराचं कुटुंब आहे.

गाडी खरंच धरून चालायला हवी असेल तर खर्च वेगळ्या ठिकाणी लागतो. गळके शॉकअप बदलणं, शॅकलचे झिजलेले बुश काढून नवे घालणं, किंगपिनचा खेळ तपासणं, टायरमध्ये वजनाप्रमाणे हवा ठेवणं, अलायमेंट करणं. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. पाटे दिसतात, आणि ताज्या काळ्या रंगात उठूनही दिसतात.

गतिरोधकांचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा, ताशी 25 किलोमीटरनं आरामात ओलांडता येईल असा. आपल्याकडे उरलेलं डांबर जिथं ओतलं तिथं गतिरोधक. खानदेशातले निम्मे पाटे या उंचवट्यांनी तोडले असावेत असा दाट संशय आहे. पुरावा मागू नये.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत परस्पर बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते आणखी घट्ट वाचलं. जादा मालाला 20 हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. फिटनेसच्या वेळी मात्र पाटे मोजल्याचं ऐकिवात नाही. रिफ्लेक्टरची पट्टी बोटभर कमी भरली, तर त्यावर चर्चा होते.